चुण्यांची पँट आणि घरातले पुरुष

ट्रायल रूमचा पडदा दोनदा हलला, तरी थोरला बाहेर येईना.

"दादा, झालं का?" धाकट्याने विचारलं.

"कपडे घालतोय रे. भिंत बांधत नाहीये," आतून उत्तर आलं. आवाज मात्र असा होता, की भिंत बांधणं सोपं गेलं असतं.

सुट्टीचा वार होता. शटर अर्ध्यावर ओढलेलं, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत होते. आत काउंटरमागे आप्पा नेहमीच्या खुर्चीत. एका बाजूला त्यांची लेक, दुसऱ्या बाजूला जावई, आणि मागच्या खोलीच्या दारात थोरली सून, हातात चहाचा ट्रे घेऊन. आई गेल्यापासून घरातला प्रत्येक मोठा निर्णय जेवणाच्या टेबलावरून उठून इथे दुकानात आला होता. घरात भांडलं की शेजारी ऐकतात. दुकानात भांडलं तर फक्त शर्ट ऐकतात, आणि ते घडी मोडून बाहेर जात नाहीत, असं आप्पांचं म्हणणं.

आज निर्णय व्हायचा होता तो धाकट्याच्या मालाचा. दोन पिढ्या या दुकानाने पांढरे शर्ट, निळ्या जीन्स आणि गोल गळ्याचे टी-शर्ट विकले. पुरुषाच्या आयुष्यात दोनच प्रसंग येतात, कामावर जाणं आणि कामावरून परत येणं, अशी दुकानाची श्रद्धा होती, गिऱ्हाइकांचीही तीच. धाकट्याने नेमका त्या श्रद्धेला हात घातला होता. गोल गळ्याच्या टी-शर्टऐवजी विणलेला, कॉलरचा मऊ शर्ट. जीन्सऐवजी पुढे चुण्या असलेली ढगळ लिननची पँट. टोपीवाल्या जर्सीऐवजी ओव्हरशर्ट, म्हणजे शर्टावर घालायचा शर्ट. आणि पांढऱ्या बुटांऐवजी मऊ चामड्याचे लोफर, तेही मोज्यांशिवाय.

"मोज्यांशिवाय?" आप्पांनी हा प्रश्न आठवडाभर विचारला होता, तोही जेवताना मध्येच घास थांबवून.

घराण्याचा एक नियम होता, आजोबांनी घालून दिलेला. नवा माल आधी घरातल्या पुरुषांनी अंगावर घालायचा, चारचौघांत फिरून यायचं, मगच तो मांडणीवर. धाकट्याने तो नियम मोडला नाही. सगळ्यांच्या मापाचे नमुने त्याने कारखान्यातून मागवले. मापं विचारायची गरजच नव्हती, ती घरात सगळ्यांना पाठ होती. आप्पा अडतीस, थोरला छत्तीस, जावई चौतीस. जावयांचं चौतीस तर नातेवाइकांत गाजलेलं. लग्नात चौतीस होतं आणि आजही चौतीसच आहे, हे ते प्रत्येक पंगतीनंतर पोटावरून हात फिरवत सांगत.

यातली खरी गोष्ट वेगळीच होती. चौकातल्या नव्या मोठ्या दुकानाने धाकट्याला बोलावलं होतं आणि त्यांना उद्या उत्तर हवं होतं. "आज माल नापास झाला तर मी उद्यापासून तिकडे," एवढंच तो म्हणाला होता, तेही आवाज न चढवता. आप्पा त्यानेच घाबरले होते. चढलेल्या आवाजांची त्या घराला सवय होती.

पडदा सरकला.

विणलेल्या शर्टाने थोरल्याचं काहीही लपवून ठेवलं नव्हतं. टाके ताणून ताणून जाळी झाली होती आणि त्यातून आतलं बनियन सगळ्यांकडे बघत होतं.

"दादा, श्वास घेतोयस ना?" बहिणीने विचारलं.

"गरजेपुरता."

"याला मऊ म्हणतात होय?" आप्पा म्हणाले. "मला तर तो रागावलेला दिसतोय."

धाकट्याने पुढे होऊन शर्टाचा खांदा ओढून पाहिला. कपाळाला आठी पडली. "असा नाही बसत हा. हा अंगावरून सुटा पडतो."

"सुटाच पडेल आता," थोरला म्हणाला. "मी खोकलो की."

मग जावई आत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. चेहऱ्यावर त्यांनी विमा कंपनीतलं हसू आणलं होतं. लोकांना उद्याची भीती घालणं हे त्यांचं काम, आणि ते काम ते घरीही आणत. पण आजची भीती आजचीच होती. पँटचा हूक लागला नव्हता. वरून शर्ट बाहेर सोडला होता.

"चुण्या कुठायत?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"होत्या," जावई म्हणाले. "घालायच्या आधी होत्या."

आप्पांनी खुर्चीत बसूनच ओव्हरशर्टमध्ये हात घातले. "शर्टावर शर्ट. मग आतल्या शर्टाने काय पाप केलं?" बटणं आणि काजं एकमेकांकडे लांबून बघत राहिली. बूट मात्र बसले. आप्पांनी उघडा घोटा एकदा इकडे फिरवला, एकदा तिकडे, आणि कोणी बघत नाही असं वाटल्यावर पुन्हा एकदा फिरवला.

"चला," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

*

कोपरा जवळ होता. जावयांना तो त्या दिवशी फार लांब वाटला. पुढे आप्पा, मागे थोरला, त्यामागे ते स्वतः, एक हात कंबरेवर ठेवून, जणू काही विचार करत चाललेत. न्हाव्याच्या दुकानासमोर दोघंजण पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली घेतले.

"आप्पा," न्हावी आतून ओरडला, "धुतल्यावर आटले का हो?"

थोरला लाल झाला. आप्पांनी हात वर केला, नमस्कारही नाही आणि उत्तरही नाही असा. जावयांनी मान वळवून औषधांच्या दुकानाच्या काचेत बघितलं. गळ्यापासून वर सगळं ठीक होतं. खाली त्यांनी पाहिलं नाही. पण त्यांच्या मनात एक गोष्ट बसत होती, हळूहळू आणि फार सुखाने. हा माल आज मरतोय. माल मेला की धाकटा जाणार. धाकटा गेला की काउंटरवर एक खुर्ची रिकामी. बायकोने गेल्या वर्षापासून ती खुर्ची रोज रात्री जेवताना त्यांच्यासमोर आणून ठेवली होती. विम्याचा धंदा तिला कधी पटला नव्हता. उद्याचं विकण्यापेक्षा शर्ट विकलेला बरा, असं ती म्हणायची.

या सुखात त्यांनी कंबरेवरचा हात जरा सैल सोडला. पँट लगेच खाली निघाली. त्यांनी ती पकडली.

*

"मी फॅशनच्या विरोधात नाही," परत आल्यावर स्टुलावर बसायचं टाळून जावई म्हणाले. "फॅशन हवी. पण ही माणसांसाठी नाहीये. ही काड्यांसाठी आहे."

"अगदी बरोबर," थोरला म्हणाला. मेहुण्याचं म्हणणं त्याला पटलं अशी ही त्याच्या आठवणीतली पहिलीच वेळ. "आपलं गिऱ्हाईक म्हणजे संसारी माणूस. त्याला गोल गळा द्या, जीन्स द्या, तो सुखी. त्याला जाळीत कशाला कोंबायचं?"

"पण हे ढगळ असतं, दादा!" धाकटा म्हणाला. "ढगळ असणं हीच तर त्यातली गंमत आहे. पट्ट्याच्या वर काय चाललंय ते कुणाला कळत नाही. जीन्समध्ये माणूस बांधलेला दिसतो, यात तो आरामात दिसतो. मी कारखान्यात उभं राहून बघितलंय. तिथला मुकादम घालून फिरत होता आणि तो तुमच्याहून जाड होता."

'तुमच्याहून' हा शब्द दुकानात बराच वेळ राहिला.

"म्हणजे आम्ही जाड," थोरला म्हणाला.

"मी असं म्हटलं का?"

"छत्तीस म्हणजे जाड? सांग ना. छत्तीस?"

"हा चौतीस आहे," बहीण नवऱ्याकडे बोट करून म्हणाली. "चौतीसला बसत नाही म्हणजे शिवणच खोटी. आप्पा, मला वाटतं उगाच ताणण्यात अर्थ नाही. ज्याला दुसरीकडे बरं वाटतं, त्याने..."

वाक्य तिने पुरं केलं नाही. पुरं करायची गरज नव्हती. धाकट्याने तिच्याकडे पाहिलं, मग टेबलावर पडलेल्या, जावयांच्याच मापाच्या दुसऱ्या पँटकडे, आणि तो पँटच्या चुण्या एकेक करून बोटाने सरळ करायला लागला. हरलेला माणूस घडी घालतो, तसा.

थोरली सून कप उचलायला आली होती. उचलता उचलता तिचा हात त्या पँटवर पडला आणि आतलं लेबल वर आलं. कारखान्याचं लेबल. छापलेलं. चौतीस.

कप तिने परत खाली ठेवले. मागच्या खोलीत गेली आणि तिथूनच म्हणाली, "आप्पा, जरा येता? चहाचं विचारायचं होतं."

*

मागच्या खोलीत शिलाई मशीन होतं आणि त्याच्या शेजारी दुकानाच्या स्वतःच्या लेबलांचे गठ्ठे. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासूबाईंनी तिला पहिलं काम शिकवलं ते हेच. कारखान्याचं लेबल हलक्या हाताने उसवायचं आणि आपलं लावायचं. आपल्यावर आकडा लिहिताना चौतिसाहून मोठ्या कंबरेच्या गिऱ्हाइकाला दोन इंचांची माफी द्यायची, तेवढं कमी लिहायचं. घरच्यांना चार. "पुरुष आरशासमोर उभा राहिला की लहान मूल होतो गं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "त्याला तेवढं गोड लागतं. पण याबद्दल कुणापाशी बोलायचं नाही. शब्द दे." तिने दिला होता. तो तिने आजवर पाळला, नवऱ्यापाशीसुद्धा. सगळं गाव म्हणायचं, दुसरीकडचे कपडे घट्ट येतात, यांच्याकडचेच नीट बसतात. तेच तर दुकानाचं नाव होतं.

आप्पा आत आले आणि लेबलांच्या गठ्ठ्याकडे बघून थांबले.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"थोरला पडद्यामागून येईना तेव्हा."

"मग बोलला का नाहीत? त्यांनी आपल्या मापाने मागवला माल. आपल्या लेबलाच्या मापाने. त्यात भावोजींची काय चूक?"

"चूक नाही." आप्पा मशीनसमोरच्या स्टुलावर बसले. ओव्हरशर्टच्या बाह्या दंडात रुतल्या होत्या. "पण सूनबाई, हे उघडं केलं तर काय होईल? थोरला चाळीस आहे. जावई अडतीस. त्यांना आता, बायकामुलींसमोर सांगू? आणि बाहेर गेलं, तर उद्या प्रत्येक गिऱ्हाईक घरी जाऊन आपलं पोट मोजेल. तुझ्या सासूने बांधलेलं सगळं एका दिवसात उसवेल."

"आणि भावोजी उद्या चौकात जाऊन उभे राहतील."

आप्पांनी लेबलांचा एक गठ्ठा उचलला आणि परत जागेवर ठेवला.

"लोकांना जरा बरं वाटावं म्हणून आपण हे करतो," ती हळूच म्हणाली. ती नेहमी हळूच बोलायची. म्हणून घरात तिचं बोलणं ऐकायला थांबावं लागायचं. "मग घरातल्या एकाला वाईट वाटलं तर चालतं?"

"तू शब्द दिलायस तिला."

"दिलाय. मी बोलणार नाही."

तिने भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेली मापाची टेप काढली, गळ्यात टाकली आणि बाहेर गेली.

*

थोरल्याला बायकोच्या गळ्यातली टेप दिसली आणि का कोण जाणे, तो अंगातला शर्ट खाली ओढायला लागला. वीस वर्षांत त्याने मागच्या खोलीत कधी नीट डोकावून पाहिलं नव्हतं. काही गोष्टी माणसाला माहीत असतात, पण तो त्यांना बसायला सांगत नाही.

"काय गं?" त्याने विचारलं.

"काही नाही. भावोजी म्हणतायत शिवण बरोबर आहे, ताई म्हणतायत शिवण खोटी आहे. मापं घेऊन बघते. अंगाचं आणि कपड्याचं. म्हणजे कळेल."

जावयांचा हात पुन्हा कंबरेवर गेला.

"आत्ता?" जावई म्हणाले.

"आत्ताच. कंबर मोजते आधी. दाजी, तुमच्यापासून?"

जावई एक पाऊल मागे सरकले आणि शर्टांच्या मांडणीला टेकले. "तशी... तशी गरज आहे का? मी काय म्हणतो, नीट बघितलं तर या पँटला एक वेगळीच ऐट आहे. चालताना जाणवली मला. जीन्समध्ये ती ऐट नसते."

"पण तू तर म्हणालास काड्यांसाठी," त्यांची बायको म्हणाली.

"काड्या हा एक शब्द झाला."

"घे गं वहिनी, याचं पहिलं घे." तिच्या डोळ्यांत आता निराळीच चमक आली होती. खुर्ची, काउंटर, विमा सगळं बाजूला पडलं. "जेवताना माझ्या ताटात दुसरी पोळी पडली की हा माझ्या कंबरेकडे बघतो. मीही बघते आज. चौतीस ना? मला बघायचंय चौतीस."

"अगं, घरातल्या घरात काय..."

"हात वर कर."

"आप्पा, माल मागवा," जावई म्हणाले. "माझं मत आहे, मागवा. मी उगाच घाई केली."

थोरल्यानेही घसा साफ केला. जाळी आणखी एका टाक्याने ताणली गेली. "मलाही वाटतं की... म्हणजे दाजी म्हणतायत त्यात तथ्य आहे. दोन्ही वेळेला तथ्य होतं. विणलेलं कापड सुरुवातीला असंच वाटतं. घालून घालून सैल होतं. लोकांना काहीतरी नवं हवंच असतं. गोल गळा किती दिवस विकायचा?"

"म्हणजे घ्यायचं नाही माप?" थोरली सून म्हणाली. टेप तिच्या दोन्ही हातांत ताणलेली होती.

"कशाला त्रास," दोघं एकदम म्हणाले.

बहिणीने "भित्रे कुठले" म्हणून तोंड फिरवलं, पण ती हसत होती. माल पास झाला होता. घराण्याच्या इतिहासात एवढ्या पटकन कधी काही पास झालं नव्हतं.

धाकटा हसला नाही. त्याची नजर टेपवरून वहिनीकडे गेली, वहिनीकडून मागच्या खोलीकडे, आणि मग त्याने टेबलावरची पँट उचलून लेबल बघितलं. मांडणीवरची एक जुनी जीन्स काढली. तिचंही लेबल बघितलं. दोन्ही चौतीस. दोन्ही एकावर एक ठेवल्या.

दुकानाची जीन्स दोन्ही बाजूंनी बाहेर आली.

"अच्छा," तो म्हणाला.

थोरला छताकडे बघू लागला.

"मला हे मत नको," धाकटा म्हणाला. "दोघांनी घाबरून दिलेलं. उद्या एखादं गिऱ्हाईक माझी पँट घालेल, त्याला ती बसणार नाही, आणि ते म्हणेल पँट वाईट. आज तुम्ही म्हणालात तसंच. ढगळ कपडा ढगळ दिसायला हवा, तर आकडा खरा हवा. माझ्या मालावर खरा आकडा लागणार असेल तर मी थांबतो. नाहीतर तिकडे जातो. तिकडे निदान आकडे खोटे नाहीत."

"गिऱ्हाईक पळेल," थोरला म्हणाला. त्याने नाटक सोडलं होतं आणि आता तो खरंच घाबरलेला दिसत होता. "तुला कळत नाही. माणूस शर्ट घ्यायला येत नाही इथे. आपण अजून तसेच आहोत हे ऐकायला येतो. त्याला तू अडतीस म्हणालास तर तो घरी जाऊन झोपेल. परत येणार नाही."

"किंवा ढगळ पँट घेईल," धाकटा म्हणाला, "आणि जेवायला बसताना हूक सोडायची गरज पडणार नाही. दादा, तू किती वर्षं हूक सोडून जेवतोयस?"

थोरल्याचा हात नकळत हुकाकडे गेला. त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलंही नाही, हे तिचे उपकार.

"आप्पा," धाकटा म्हणाला, "तुम्ही सांगा."

आप्पा मागच्या खोलीच्या दारात उभे होते. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. त्यांनी मुलांकडे पाहिलं. एकाने आपलं पोट जाळीत लपवलं होतं, दुसऱ्याच्या हातात दोन चौतीस होते. लेकीकडे पाहिलं, ती अजूनही नवऱ्याच्या कंबरेकडे बघत होती. मग त्यांनी ओव्हरशर्ट काढला. बाह्या निघायला वेळ लागला. सुनेने मदत केली. ते काउंटरच्या पुढे आले, जिथे गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभे राहिले, आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत वर केले.

"माझं घे," ते म्हणाले.

"आप्पा, राहू द्या," थोरला म्हणाला.

"घे, सूनबाई."

तिने टेप त्यांच्या कंबरेभोवती फिरवली आणि पुढे दोन टोकं एकत्र आणली. आप्पांनी पोट आत ओढून घेतलं होतं. पाठ ताठ, मान वर, नजर समोरच्या पांढऱ्या शर्टांवर. टेप चाळीसवर थांबली. तिने आकडा वाचला नाही. ती तशीच वाकून उभी राहिली, आकड्यावर अंगठा ठेवून.

"आप्पा, श्वास सोडा," ती म्हणाली.

आप्पांनी सोडला नाही. चेहरा लाल व्हायला लागला. बाहेर शटरखालून कोणाचे तरी पाय आले, थबकले आणि पुढे गेले. जावयांनी नकळत आपलाही श्वास रोखून धरला होता. धाकटा वडिलांकडे बघत होता, आणि एवढा वेळ त्याच्या तोंडावर असलेला हट्ट कुठेतरी विरघळला होता. तो काही बोलणार होता, बहुतेक राहू द्या म्हणणार होता.

पण आप्पांनी त्याच्याकडे बघितलं, आणि श्वास सोडला.

टेप सुनेच्या बोटांतून सरकत गेली.

"त्रेचाळीस," ती म्हणाली.

"मोठ्याने सांग. त्याला ऐकू जाऊ दे."

"त्रेचाळीस, आप्पा."

आप्पांनी हात खाली घेतले. पोट आता जिथे असायला हवं तिथे होतं, आणि ते त्यांना विशेष वाईट वाटतंय असं दिसत नव्हतं.

"मग तो शर्टावरचा शर्ट माझ्या मापाचा मागव," ते धाकट्याला म्हणाले. "आणि लेबलावर जे आहे ते लिही. तुझ्या मालावर तुझा आकडा. जुन्या मालाचं काय करायचं ते थोरला बघेल."

धाकट्याने दोन्ही पँट्स काउंटरवर ठेवल्या आणि वरच्या पँटची घडी पुन्हा एकदा नीट केली.

"उद्या सकाळीच मागवतो," तो म्हणाला.